अम्मीचं उठणं

२०२४ च्या रमजानमधली गोष्ट. तरावीहची वेळ होती. मोमिनपुऱ्यातल्या आमच्या वरच्या खोलीत आम्ही तिघी बहिणी आणि अम्मी आपापल्या जानमाजवर आपापली नमाज पढत होतो. बाराव्या रकातीच्या आधी अम्मी सजद्यात गेली ती उठलीच नाही. आमचा सलाम फेरून झाला तरी तिचं कपाळ जमिनीवरच. अब्बांसाठी दुआ मागत असेल, असं आम्हाला वाटलं. लांब सजदा करायची तिची जुनी सवय. आम्ही गप्प बसून राहिलो. वर पंखा फिरत होता, खालच्या गल्लीत पोरांचा गलका चालला होता. मग अगदी बारीक आवाज आला, "कोई उठाओ ना मेरे को."

तीनदा तिने उभं राहायचा प्रयत्न केला होता. गुडघ्यांनी साथ दिली नाही, तेव्हा लाजून पुन्हा कपाळ टेकलं होतं. आम्ही दोघींनी काखेत हात घालून तिला उचललं. ती रडत होती. कुठे दुखतंय का विचारलं, तर म्हणाली, "दुखता नहीं. नमाज टूट गई मेरी."

त्या रात्री आम्ही तिघींनी ठरवलं की अम्मीसाठी जे जे करता येईल ते करायचं. हा लेख त्या 'करण्याचा' हिशेब आहे. हिशेब आमच्या बाजूने निघाला नाही, म्हणूनच तो लिहावासा वाटला.

आधी थोडं घराविषयी. अब्बा विणकर. हातमाग होता तोवर घरातच होता, पुढे तो गेला. अब्बा मागावर बसायचे आणि अम्मी जमिनीवर बसून चरख्यावर कांड्या भरायची. अम्मीचं माहेर भंडारा जिल्ह्यात, पवनीकडे. त्यामुळे तिची मराठी तिकडची, धानाच्या बांधावरची. आमच्यातली मधली, म्हणजे हे लिहिणारी, बी.एड. करून उर्दू शाळेत शिकवते, पण मराठी शिकली ती अम्मीच्या तोंडून. बाजी जाफरनगरला असते, छोटी कामठीला. अम्मी मधलीकडे. २०१६ साली अब्बा गेले आणि तेव्हापासून अम्मीची खिदमत कोण जास्त करते, याची आम्हा बहिणींमध्ये न बोलता चढाओढ सुरू झाली.

बाजीने उंच पलंग आणला. छोटीने कमोड बसवून दिला. मधलीने ओट्यापाशी स्टूल ठेवलं आणि नंतर ओट्यापाशी यायचीही गरज उरू नये म्हणून कामाला बाई ठेवली. अम्मी पाण्यासाठी उठली की कोणीतरी धावायचं, "आप बैठो अम्मी, हम लाते." भाजी खाली बसून चिरायची तर आम्ही ताट पलंगावर द्यायचो. गहू निवडणं बंद झालं, कारण पीठ बाजारातून येऊ लागलं. मोहल्ल्यातल्या बायका म्हणायच्या, बेट्या असाव्यात तर अशा. आम्हालाही ते ऐकायला बरं वाटायचं.

तरावीहच्या त्या प्रसंगानंतर दुसऱ्याच दिवशी आम्ही नमाजसाठी खुर्ची आणली. मजबूर माणसाला बसून नमाज पढायची सवलत आहे आणि अम्मी खरोखर मजबूर होती, त्यामुळे त्यावर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. आणि महिनाभरात जेद्दाहून दुल्हेभाईंनी पाठवलेली बाटली आली. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. ओमेगा थ्री. सोबत निरोप, की इकडे सगळे म्हातारे हेच खातात, हाडं-स्नायू सगळ्याला ताकद येते.

अम्मीने एक कॅप्सूल हातात घेऊन उजेडात धरली. आत सोनेरी तेल, बाहेर पारदर्शक पापुद्रा. म्हणाली, "तेल मछली का है, वो ठीक. ये छिलका काहे का है?" बी.एड. झालेल्या लेकीला हा प्रश्न सुचला नव्हता. आम्ही बाटली वाचली. लिहिलं होतं, जिलेटिन. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात; गाय-म्हशीचं असतं, डुकराचं असतं, माशाचंही असतं. जेद्दाच्या बाटलीवर हलालचा शिक्का होता, म्हणून तो प्रश्न मिटला. पण ती बाटली संपल्यावर सीताबर्डीच्या एका दुकानातून आणली, तिच्यावर नुसतं 'जिलेटिन' एवढंच. दुकानदाराला विचारलं तर तो हसला. मग शोधून शोधून माशाच्याच जिलेटिनची बाटली मिळवली. ती अर्थातच महाग होती.

अम्मी रोज इशानंतर एक कॅप्सूल घ्यायची. ढेकर आली की माशाचा वास येतो म्हणून कुरकुरायची, पण जावयाने प्रेमाने पाठवलेली वस्तू म्हणून घ्यायची. पावसाळा गेला, दिवाळीची थंडी आली. अम्मीत फरक पडला, पण उलटा. दुधाच्या पातेल्याला दोन हात लागू लागले. नळ घट्ट बंद झाला की उघडेना. आणि एक दिवस ती कमोडवरूनही स्वतःहून उठू शकली नाही.

आता बाजीने सुचवलं, जवसाचं तेल देऊन पाहू, तेही ओमेगा थ्रीच आहे. आम्ही इतवारीत जाऊन घाणीचं तेल आणलं. बाटली उघडताच अम्मीचा चेहरा खुलला. तिच्या माहेरी धानाचं पीक उभं असतानाच, बांधीत ओल आहे तोवर त्यात जवस फेकून द्यायचे. त्याला उतेरा म्हणतात. धान कापून झालं की त्याच ओलीवर जवस वर यायचा आणि शिवार निळ्या फुलांनी भरून जायचं. घरात फोडणीला तेच तेल, ताटात तीच चटणी. पुढे सोयाबीनचं तेल आलं आणि जवस आमच्या ताटातून गेला. नागपूरला महाराजबागेला लागून जे कृषी महाविद्यालय आहे, तिथे जवसावर वर्षानुवर्षं संशोधन चालतं. एनएल-९७ सारखी वाणं तिथलीच. लहानपणापासून आम्ही महाराजबागेत वाघ बघायला जायचो, पण शेजारी आपल्याच चटणीवर काम चाललंय हे कधी कळलं नाही.

अम्मीची ती खुशी पाहून आम्हाला वाटलं, आता इलाज सापडला. पण छोटीची मुलगी फार्मसीला आहे. तिने आमच्या उत्साहावर पाणी टाकलं. ती कागद-पेन घेऊन बसली आणि आम्ही तिघी खाला-अम्मी तिच्यापुढे विद्यार्थिनींसारख्या.

तिचं म्हणणं असं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त जे असतं ते अल्फा-लिनोलेनिक आम्ल. माशाच्या तेलात असतात ती ईपीए आणि डीएचए. नाव सगळ्यांचं ओमेगा थ्री, पण एकाच आडनावाची माणसं सारखी नसतात, तसंच हे. जवसातल्या आम्लापासून शरीर ईपीए बनवतं, पण फार थोडं, आणि डीएचए त्याहूनही कमी. आपल्याकडचे रोहू-कतला गोड्या पाण्यातले, त्यांतही ही आम्लं समुद्रातल्या बांगडा-तारलीपेक्षा बरीच कमी. कॅनडात २००९ साली एक अभ्यास छापून आला. ५१ वयस्कर माणसांनी १२ आठवडे वजनांचा व्यायाम केला. काहींना रोज सुमारे १४ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळेल इतकं जवसाचं तेल दिलं, बाकीच्यांना दिखाव्याचं तेल. ताकद दोन्ही गटांची वाढली, जवळजवळ सारखीच. म्हणजे ताकद दिली ती वजन उचलण्याने, तेलाने तिच्यात फारशी भर घातली नाही.

"और मछली का तेल?" बाजीने विचारलं. शेवटी बाटली तिच्या मियाँनी पाठवलेली होती.

माशाच्या तेलाची गोष्ट थोडी वेगळी निघाली. अमेरिकेत सेंट लुइसला २०१५ साली झालेल्या अभ्यासात ६० ते ८५ वयाच्या ६० निरोगी माणसांपैकी काहींना सहा महिने माशाचं तेल दिलं. न घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या हाताची पकड सरासरी २.३ किलोने जास्त भरली, मांडीचा स्नायूही थोडा वाढला. बाजीचा चेहरा उजळला. पण भाचीने पुढचा हिशेब मांडला. त्या लोकांना रोज ईपीए आणि डीएचए मिळून सुमारे ३,३६० मिलिग्रॅम मिळत होतं. आमच्या बाटलीवर समोर मोठ्या अक्षरात १,००० मिलिग्रॅम लिहिलेलं. ते नुसतं तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरात खरा आकडा होता: ईपीए १८०, डीएचए १२०. दोन्ही मिळून ३००. तितकी मात्रा गाठायची तर रोज अकरा कॅप्सूल. साठ कॅप्सूलची बाटली सहा दिवसही पुरणार नाही. आणि एवढी मात्रा डॉक्टरला न विचारता घ्यायचीच नाही, कारण मोठ्या मात्रेत काही जणांच्या हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, असं अलीकडच्या मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. रोज एक ग्रॅमची परीक्षा युरोपातल्या पाच देशांत झाली. सत्तरीच्या वरची २,१५७ माणसं, तीन वर्षं. २०२० साली निकाल आला: चालण्या-उठण्याच्या क्षमतेत म्हणण्यासारखा फरक नाही.

आम्ही वर्षानुवर्षं पोरांना गणितात एकक नीट वाचा म्हणून ओरडतो. बाटलीवरचं एकक आम्ही वाचलं नव्हतं.

शेवटी अम्मीला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गुडघे पाहिले आणि फिजिओथेरपीच्या खोलीत पाठवलं. तिथल्या मॅडम तरुण होत्या. त्यांनी अम्मीच्या हातात एक यंत्र देऊन दाबायला सांगितलं. पकड भरली १३ किलो. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरवलेल्या मापात बाईची पकड १८ किलोच्या खाली गेली तर ती कमकुवत धरतात. मग त्यांनी हात छातीवर बांधून खुर्चीतून पाचदा उठून बसायला सांगितलं. त्याच मापात बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागणं चांगलं लक्षण नाही. अम्मी दोनदा उठली. तिसऱ्यांदा अर्ध्यावरून मागे पडली.

वयाबरोबर स्नायू झिजतात, त्याला इंग्रजीत सार्कोपेनिया असं नाव आहे, हे मॅडमनी सांगितलं. तोल गेला की माणूस पडतो, मोडलेल्या खुब्यानंतर पुष्कळ म्हातारी माणसं पूर्वीसारखी चालत नाहीत, हेही सांगितलं. मग अगदी सहज विचारलं, "ताई, मावशी दिवसातून किती वेळा स्वतःच्या बळावर उठतात?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. उत्तर येईना. घरी येऊन मोजलं. सहा-सात वेळा, तेही उंच पलंगावरून किंवा खुर्चीवरून, आणि बहुतेक वेळा कोणाचा तरी हात धरून. मग मधलीने मागचा हिशेब केला. पाच वेळच्या फर्ज रकाती सतरा, ठरलेल्या सुन्नत बारा, वित्र तीन, एकूण बत्तीस. प्रत्येक रकातीमागे साधारण एकदा माणूस जमिनीवरून सरळ उभा राहतो. म्हणजे सत्तर वर्षांची होईपर्यंत अम्मी रोज तीसेक वेळा जमिनीवरून उठत होती, नफिल वेगळ्या. घरकामातलं उठणं-बसणं आम्ही आधीच काढून घेतलं होतं. तरी त्या बत्तीस रकातींनी तिला उभं ठेवलं होतं. ज्या दिवशी ती पहिल्यांदा अडकली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही खुर्ची आणून तेही बंद केलं. आणि त्याची भरपाई म्हणून रोज रात्री एक कॅप्सूल दिली.

आईच्या पावलांखाली जन्नत असते, हे आम्ही वर्गात मुलांना सांगत आलो. ती पावलं जमिनीला टेकूच द्यायची नाहीत, असं मात्र कोणी सांगितलं नव्हतं. तो अर्थ आमचा आम्हीच काढला होता.

बी.एड.ला एक गोष्ट पहिल्या महिन्यातच शिकवतात. मुलाला गणित येत नाही म्हणून मास्तराने त्याच्या वहीत उत्तर लिहून दिलं, तर वही सुंदर दिसते आणि मूल तिथेच राहतं. थोडी मदत करावी, मग हळूहळू हात काढून घ्यावा. वर्गात आम्ही हे पाळतो. घरी अम्मीच्या वहीत आठ वर्षं आम्हीच उत्तरं लिहीत होतो.

मॅडमनी कार्यक्रम दिला तो अगदी साधा. खुर्चीवर दोन उशा ठेवून ती उंच करायची आणि हात न लावता उठायचं. आठवड्याने एक उशी काढायची. ओटा धरून टाचा उचलायच्या. भिंतीला हात टेकून भिंत ढकलायची. दिवसाआड, दम लागेल पण दुखणार नाही इतकं. नंतर जमिनीवरून उठणं: आधी एका कुशीवर, मग गुडघ्यांवर, एक पाय पुढे, हात स्टुलावर. हे वय आहे का असं करायचं, अशी शंका आम्हीच काढली. तेव्हा त्यांनी बॉस्टनचं उदाहरण दिलं. १९९० साली तिथे नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला, तर पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९४ साली पुन्हा शंभर जणांवर पाहिलं, सरासरी वय ८७. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली. नुसतं पौष्टिक पेय पिणाऱ्यांची जवळपास होती तिथेच राहिली.

खाण्याचंही विचारलं. तेव्हा कळलं की दात गेल्यापासून अम्मी गोश्त सोडून चहा-टोस्ट आणि पातळ खिचडीवर आली होती. स्नायू प्रथिनांचा बनतो. उतारवयात वजनाच्या किलोमागे रोज एक ग्रॅम किंवा थोडी जास्त प्रथिनं हवीत. अम्मी ५४ किलोची, तिच्या पोटात निम्मीही जात नसावीत. मूत्रपिंड ठीक असल्याचं डॉक्टरांनी पाहिलं होतं, म्हणून दोन अंडी, घट्ट डाळ, दही आणि खिम्याचे मऊ कबाब सुरू केले. या सगळ्याला एका बाटलीपेक्षा कमी पैसे लागले.

सगळ्यात अवघड निघालं ते आमचं काम. आमचं काम होतं काहीही न करणं. अम्मी म्हणायची, "बुढापे में मेरे को पीटी करवा रही क्या? ये मास्टरनी को स्कूल में बच्चे कम पड़ते क्या?" कधी रुसायची. एकदा पाणी मागितलं आणि आम्ही उठलो नाही, तर शेजारच्या खालाने सगळ्या गल्लीत सांगितलं की आता पोरी अम्मीला पाणीसुद्धा देत नाहीत. बाजी रडली. म्हणाली, लोक काय म्हणतील. खरं सांगायचं तर आमच्या खिदमतीत लोक काय म्हणतील याचा वाटा किती आणि अम्मीचा किती, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला विचारलं.

दोन महिन्यांनी अम्मी पाचही वेळा उठली. १९ सेकंद. नंतर १५. बाराच्या आत ती अजून आलेली नाही, कदाचित येणारही नाही. पकड १५ किलोपर्यंत चढली. गुडघ्यांची झीज आहे ती आहेच. पण कमोडवरून ती आता स्वतः उठते आणि सकाळी फज्रनंतर आमच्याबरोबर गांधीबागेपर्यंत जाऊन येते. आमच्या मोहल्ल्यातल्या तिच्या वयाच्या किती बायका नुसतं चालण्यासाठी घराबाहेर पडतात? आता तिच्यामागे दोन खाला येऊ लागल्या आहेत. त्यांत पाण्याची बातमी पसरवणारी खालाही आहे.

कॅप्सूल आम्ही पुन्हा आणल्या नाहीत. दुल्हेभाईंना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. अम्मीनेच फोनवर सांगितलं, "बेटा, अगली बार खजूर भेजना." जवस मात्र राहिला. तेलाची बाटली संपली, पण चटणी ताटात परत आली. ताकदीसाठी नव्हे. अम्मीला ती आवडते, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

२०२५ चा रमजान आला. अम्मीने ठरवून टाकलं होतं, पूर्ण तरावीह खुर्चीवर, पण शेवटच्या दोन रकाती जमिनीवर. आम्ही बाजूला स्टूल ठेवलं. त्या दोन रकातींपुरत्या आम्ही तिघी नुसत्या पाहत बसलो. ती सजद्यातून बसती झाली, कुशीवर वळली, एक पाय पुढे घेतला. स्टुलावर हात टेकला आणि तशीच थांबली. बरीच वाट पाहिली. छोटी अर्धवट उठली, तिचा हात पुढे गेला. बाजीने तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

अम्मी उभी राहिली.

सलाम फेरून झाल्यावर म्हणाली, "देख रही थी मैं. तुम लोगों का हाथ बहुत खुजाता है." आम्ही हसलो. मग ती पाणी प्यायला स्वतः उठली आणि येताना आमच्यासाठीही आणलं.